बेडफर्ड अव्हेन्यूवरचं वडाप

पिट्सबर्गला लेकीकडे किंवा लेकाकडे आलेल्या मराठी आईबापांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पेन हिल्सचं वेंकटेश्वर मंदिर, मग तीन नद्यांचा संगम, आणि संध्याकाळी त्या तिरक्या रुळांवरच्या डब्यात बसून माउंट वॉशिंग्टनवरून दिव्यांचे फोटो. २०२२ च्या सप्टेंबरात माझंही हे सगळं पहिल्याच आठवड्यात उरकलं. मग एका शनिवारी मनू म्हणाली, "आई, आज नाटकाला जाऊ. पण खुर्च्या अंगणात आहेत, शाल घे."

नाटक म्हटलं की मी विचारत बसत नाही. साताऱ्यात तीसेक वर्षं हौशी नाटकं केली, शाहू कला मंदिरात आणि जमेल तिथे. त्यातली निम्मी प्रॉम्प्टर म्हणून विंगेत उभं राहून. त्यामुळे नाटक बघताना माझं लक्ष आधी जातं ते नटाचं पुढचं वाक्य कुठे अडकेल याकडे. ही खोड काही जात नाही.

प्रयोग हिल डिस्ट्रिक्टमध्ये होता. डाउनटाउनला चिकटून असलेली ही टेकडी म्हणजे शहरातल्या कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. मनूला म्हटलं, गाडी खालीच लाव, चालत जाऊ. चढ चांगलाच निघाला, पण चालत गेलो म्हणून एक गोष्ट कळली. नकाशात वायली अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. पूर्वी तो थेट डाउनटाउनपर्यंत उतरायचा. आम्ही गेलो तेव्हा तो मध्येच तुटत होता, आणि खाली नुसती पार्किंगची मैदानं होती. एका कोपऱ्यात बांधकामाची क्रेन उभी होती.

झालं ते असं. १९५० च्या दशकात शहराने टेकडीचा खालचा भाग पाडला, सुमारे ९५ एकर. आठ हजारांच्या आसपास माणसं उठवली, चारशेच्या आसपास दुकानं आणि धंदे गेले. त्या जागेवर १९६१ मध्ये उघडझाप करणाऱ्या छताचं प्रचंड सभागृह उभं राहिलं, आणि ते मुळात कशासाठी, तर संगीत नाटकांसाठी! गाणंबजावणं ज्या गल्ल्यांत रोज रात्री चालायचं, त्या गल्ल्या मोडून त्यावर संगीताचा महाल. पुढे तिथे आइस हॉकी रमली, आणि २०१२ पर्यंत तो महालही पाडून झाला. उरली होती ती ही मैदानं. क्रॉफर्ड आणि सेंटर या रस्त्यांच्या कोपऱ्यावर १९६० मध्ये लोकांनी भला मोठा फलक लावला होता, की पुनर्विकास इथून पुढे येणार नाही. आणि खरंच तो तिथेच थांबला. त्या चौकाला आता फ्रीडम कॉर्नर म्हणतात. 'पुनर्विकास' हा शब्द मुंबईत दोन खोल्या असलेल्या माणसाला वेगळा समजावून सांगायला नको.

आणखी चढून गेलो की १७२७, बेडफर्ड अव्हेन्यू. विटांचं घर. दर्शनी बाजूला पूर्वी किराणा दुकान होतं, आणि मागच्या दोन खोल्यांत डेझी विल्सन ही बाई मुलांना घेऊन राहायची, लोकांच्या घरची साफसफाई करून. तिचा मुलगा ऑगस्ट विल्सन, जन्म १९४५. नेपोलियनवरचा निबंध तू स्वतः लिहिलेला नाहीस असा आळ शिक्षकाने घेतला, म्हणून पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि पुढचं शिक्षण सार्वजनिक वाचनालयात बसून घेतलं. १९६८ मध्ये रॉब पेनी या मित्राबरोबर याच टेकडीवर ब्लॅक होरायझन्स नावाची नाटक मंडळी काढली. नंतर दहा नाटकं लिहिली, विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकावर एक. त्यातली नऊ याच टेकडीवर घडतात. पुलित्झर दोनदा, १९८७ आणि १९९० मध्ये. २००५ मध्ये तो गेला तेव्हा हे घर पडायला आलं होतं. आम्ही गेलो त्याच्या महिनाभर आधीच ते डागडुजी होऊन लोकांसाठी उघडलं होतं.

प्रयोग करत होती पिट्सबर्ग प्लेराइट्स थिएटर कंपनी. ही कृष्णवर्णीयांची मंडळी २००३ मध्ये मार्क क्लेटन साउदर्स यांनी काढली. ते पूर्वी पोलाद कारखान्यात काम करायचे. (साताऱ्यात आमचा नेपथ्यवाला एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता, तेव्हा मला यात नवल वाटलं नाही.) या मंडळींची एक तऱ्हा आहे. विल्सनची नाटकं ते नाट्यगृहात तर करतातच, पण काही वर्षांपासून ती घेऊन नाटकातल्या पत्त्यावरच जातात. २०१६ मध्ये 'सेव्हन गिटार्स' केलं ते याच घराच्या परसात, कारण ते घडतंच अशा परसात. त्या वर्षी पाळी 'जिटनी'ची होती.

जिटनी म्हणजे काय, हे मनू गाडीत समजावत होती. बिनपरवान्याची टॅक्सी, एका ठिकाणी फोन असतो, गिऱ्हाइकं तिथे फोन करतात... मी म्हटलं, "अगं, म्हणजे वडाप." ती हसली. पण दुसरं काय? पिवळ्या टॅक्स्या काळ्या वस्तीत यायच्या नाहीत, म्हणून वस्तीने स्वतःची सोय केली. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर "कोरेगाव, कोरेगाव, कोरेगाव!" असं ओरडत उभे असतात त्यांच्याकडे तरी कुठे परवाने होते? एसटी जिथे पोचत नाही किंवा वेळेवर पोचत नाही, तिथे वडाप पोचतं. फरक असा, की इथे टॅक्सी न यायचं कारण माणसाच्या कातडीचा रंग होतं.

नाटक १९७७ मध्ये घडतं. जिटनीवाल्यांचा ठिय्या, एक जुना सोफा, भिंतीला फोन, आणि फळ्यावर मालक बेकरने लिहिलेले नियम: जादा पैसे घ्यायचे नाहीत, गाडी स्वच्छ ठेवायची, दारू प्यायची नाही, असे पाच. आमच्या हौशी संस्थेच्या तालमीच्या खोलीतही असाच फळा होता, आणि तिसरा नियम तिथेही तितकाच पाळला जायचा. शहर ही सगळी चाळ पाडायला निघालंय, नोटीस आलीय. आणि वीस वर्षं तुरुंगात काढून बेकरचा मुलगा त्याच दिवसांत सुटतो.

बापलेकाच्या त्या प्रवेशासाठी मी परत तिकीट काढीन. बाप वीस वर्षांत एकदाही भेटायला गेलेला नाही. मुलाला फाशीची शिक्षा ऐकवली तेव्हा आई खचली ती उठलीच नाही. फाशी नंतर रद्द झाली, पण बाई गेली. आता दोघं समोरासमोर. मुलगा म्हणतो, लहानपणी तुम्ही मला डोंगराएवढे वाटायचे, आणि एका गोऱ्या घरमालकापुढे तुम्ही मान खाली घातलीत ते मी पाहिलं. बाप म्हणतो, तुमच्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून घातली. दोघांचंही खरं. आपल्याकडे असा प्रवेश लिहिला की लेखक कुणा एकाच्या बाजूला कलतो आणि दुसऱ्याच्या तोंडी मेलोड्रामा येतो. इथे तसं होत नाही. बाप झालेल्या नटाने एका जागी एवढा मोठा पॉज घेतला, की माझे ओठ हलले. प्रॉम्प्टरची सवय. पण तो वाक्य विसरला नव्हता.

तरुण जोडप्याचे प्रवेश मला जरा घडी घातल्यासारखे वाटले, तेही सांगून टाकते. आणि बेडफर्डवरून एक मोटरसायकल नेमकी हळव्या वाक्यावर गेली. उघड्यावरच्या प्रयोगात एवढं चालायचंच.

प्रेक्षक मात्र बघण्यासारखे. आपल्याकडे हशा आणि टाळ्या असतात. इथे लोक मध्येच बोलतात, "म्म्हं", "सांग त्याला", असं. टर्नबो नावाचं एक चोंबडं पात्र आहे, सगळ्यांच्या भानगडी सगळ्यांना सांगणारं. तो रंगमंचावर आला की माझ्या शेजारच्या ऐंशीच्या घरातल्या बाई आधीच जीभ चावून "आला बघा" अशी मान हलवायच्या. मध्यंतरात त्यांनी विचारलं, "हनी, कुठून आलीस?" इंडिया म्हटलं. त्यांनी खालच्या वस्तीतल्या त्यांच्या घराचा नंबर आणि रस्ता सांगितला, मी उद्या पत्र टाकणार असल्यासारखा. तो रस्ता त्या पार्किंगखाली गेला होता. घर पाडलं तेव्हा त्या शाळेत जात होत्या.

दुसऱ्या अंकाचं सांगत नाही. फोन वाजतो, एवढंच. आमच्याकडे तिसऱ्या घंटेला नाटक सुरू होतं, इथे घंटेवर संपतं.

घरी जाताना मनूने आणखी एक सांगितलं. १९९६ मध्ये विल्सनने प्रिन्स्टनला नाट्यकर्मींसमोर भाषण केलं होतं. लीग ऑफ रेझिडेंट थिएटर्स या तिथल्या मोठ्या व्यावसायिक संघटनेच्या ६६ नाट्यसंस्थांत कृष्णवर्णीयांची फक्त एक आहे, गोऱ्यांच्या नाटकात आम्हाला चार भूमिका देऊ नका, आमची नाट्यगृहं उभी राहू द्या, असं. मोठं वादळ उठलं होतं म्हणे. आपलं आपण मांडायचं, हा हट्ट मराठीला नवा नाही. दलित पँथरने तर १९७२ मध्ये नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. नाट्यगृह मागण्यापर्यंत आपण किती पोचलो, यावर माझं आणि मनूचं गाडीत वाजलं. ते इथे नको.

रविवारी सकाळी मी हट्टाने परत टेकडीवर गेले, १८३९, वायली अव्हेन्यू बघायला. विल्सनच्या नाटकांत हा आंट एस्टर नावाच्या म्हातारीचा पत्ता. अडलेनडलेले तिच्याकडे जातात. १९०४ साली घडणाऱ्या 'जेम ऑफ द ओशन' या नाटकात तिचं वय २८५ आहे. वजाबाकी केली की १६१९ येतं, व्हर्जिनियात पहिले आफ्रिकी गुलाम उतरवले ते साल. पुढच्या एका नाटकात हे घर पाडण्यावरूनच सगळं रामायण आहे. प्रत्यक्षात तिथे घर नाही. उताराची मोकळी जागा, गुडघाभर गवत. २०१९ मध्ये याच मंडळींनी 'जेम ऑफ द ओशन' इथे उभं केलं होतं, म्हातारीच्या पत्त्यावर म्हातारीचं नाटक.

आम्ही फोटो काढत होतो. कसला, ते फोटोत कळत नाही. पलीकडून एक गृहस्थ कुत्रा घेऊन आले. आम्हाला बघून थांबले, मग गवताकडे हात करून म्हणाले, "दार लाल होतं," आणि चढ चढू लागले.