शिमल्याची छोटी गाडी आणि आजोबांची बार्शी लाईट

जानेवारीत आमच्या कॉलेजची आयव्ही, म्हणजे कंपनी बघायची सहल, चंदीगडला होती आणि मधला एक दिवस मोकळा मिळाला म्हणून सरांनी शिमला ठरवलं, पहाटे कालका गाठायचं, तिथून टॉय ट्रेनने वर जायचं आणि रात्री बसने परत यायचं, एवढंच. आईने निघतानाच बॅगेत सोलापुरी चादर कोंबली होती त्यामुळे थंडीचं टेन्शन नव्हतं. घरी फोन केला तर आजोबांनी बर्फाचं काहीच विचारलं नाही. म्हणाले, "ती छोटी गाडी ना? तिच्या रुळाचा फोटो काढून आण बाळा."

आजोबा कुर्डुवाडीचे. लहानपणी एकादशीला बार्शी लाईटमध्ये बसून पंढरपूरला जायचे, त्यांच्या सगळ्या गोष्टीत ती गाडी असतेच. ती लाईन १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९०६ ला पंढरपूरपर्यंत गेली, दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. पुढं ब्रॉडगेज झालं आणि ती गाडी गेली, मी तिला चालताना कधी बघितलंच नाही. आणि कालका शिमला लाईन पण अडीच फुटाचीच आहे! ती आधी दोन फुटाची टाकायला घेतली होती पण लष्कराला सगळीकडे एकाच मापाची छोटी गाडी पाहिजे होती म्हणून बदलली. १९०३ ला सुरू झाली, २००८ ला युनेस्कोच्या यादीत आली. हे सगळं मी आदल्या रात्री मोबाईलवर वाचत बसलो, कारण आजोबांना सांगायचं होतं.

गाडीत बसलो तर गुडघे समोरच्याच्या गुडघ्याला लागत होते. ९६ किलोमीटरला पाच एक तास लागतात, कालका साडेसहाशे मीटरवर आणि शिमला स्टेशन दोन हजारांच्या वर, मग गाडी वळत वळतच चढणार की. वळणावर खिडकीतून आपलंच इंजिन पुढं दिसतं. १०२ बोगदे, प्रत्येक बोगद्यात पोरं ओरडणार, पण बडोगचा बोगदा १.१ किलोमीटरचा आहे त्यात ओरडून ओरडून सगळे गप्प झाले आणि मग नुसता चाकांचा आवाज. आजोबांनी हाच आवाज ऐकला असेल का, असं मला तेव्हा वाटलं.

बर्फ एकदम आला नाही. आधी सावलीतल्या उतारावर पांढरे ठिपके, कोणीतरी म्हणालं चुना टाकलाय, मग देवदाराच्या फांद्यांवर, मग छपरांवर, आणि अक्कलकोटची एक मैत्रीण खिडकीला चिकटून रडायलाच लागली. मला पण भरून आलं. मे महिन्यात ४४ डिग्रीत वाढलेली पोरं आम्ही.

ताज्या बर्फावर चाललं की फरशीवर साखर सांडल्यावर पायाखाली करकरतं तसा आवाज येतो. पण मॉल रोडवर जिथं ऊन पोचत नाही तिथं तुडवून तुडवून काच झालेली, आमच्यातले तिघं आपटले. पाठीवर गॅस सिलेंडर घेऊन चढणाऱ्या एका हमाल काकांनी थांबून शिकवलं, पाऊल सपाट ठेवा, छोटं टाका. तेवढं वजन पाठीवर असताना थांबले ते. ते मी विसरणार नाही.

रिजवर, म्हणजे डोंगराच्या माथ्यावरच्या मोकळ्या चौकात, चर्चसमोर बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, चटणीचं तेल थिजलं होतं तरी एक नंबर लागली. तिथल्या एका चहावाल्याने सांगितलं की तुम्ही बसलाय त्याच्या खाली पाण्याची टाकी आहे, ब्रिटिशांच्या काळातली, अजून शहराला तिच्यातून पाणी जातं. आणि रिजच्या एका बाजूचं पाणी सतलजमधून अरबी समुद्राला जातं, दुसऱ्या बाजूचं यमुनेतून बंगालच्या उपसागराला. एवढ्या बर्फाच्या गावात २०१८ च्या उन्हाळ्यात प्यायला पाणी नव्हतं, टँकरसमोर रांगा होत्या. आम्ही सोलापूरची माणसं, नळाला चार चार दिवसांनी पाणी येतं, आम्हाला ते समजावून सांगावं लागलं नाही.

परतीची बस ट्रॅफिकमध्ये अडकली, चंदीगडला पोचायला मध्यरात्र झाली, चादर आम्ही तिघांनी वाटून घेतली.

घरी आल्यावर आजोबांना फोटो दाखवले. बर्फाचे भराभर पुढं सरकवले त्यांनी आणि शिमला स्टेशनच्या रुळाच्या फोटोवर थांबले, दोन बोटांनी मोठा केला, कडेला साचलेला बर्फ बघितला.

"डबे किती होते?"

"सात."

"आमच्या गाडीला जास्त होते," म्हणाले, आणि फोन परत दिलाच नाही बराच वेळ.