बार ठरवायचे तर आधी शेवटची लोकल बघा

‘एकदा मुंबईत मस्त रात्र काढू’ हे वाक्य आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये वर्षानुवर्षं नुसतंच फिरत होतं. गेल्या वर्षी ते खरंच अंगावर आलं. ‘तू फोर्टात नोकरी करतोस ना, मग जागा तूच ठरव’ असं म्हणून सगळे मोकळे झाले. फोर्टात नोकरी करणारा डोंबिवलीकर ऑफिस सुटलं की सीएसएमटीच्या दिशेने पळत असतो, बारच्या पाट्या वाचत हिंडत नाही, हे अंधेरीच्या समीरला आणि पुण्याच्या अश्विनीला कोण समजावणार?

आम्ही सहा जण. मी, समीर, ठाण्याचा निनाद आणि त्याची बायको मधुरा, अश्विनी आणि तिच्या शेपटाला तिचा तेवीस वर्षांचा मावसभाऊ. सगळ्यांना ‘गजबज’ हवी होती, पण प्रत्येकाची गजबज वेगळी. समीरला डीजे पाहिजे. अश्विनीला शेजारच्याचं बोलणं ऐकू आलं पाहिजे. निनादला बियर परवडली पाहिजे. मधुरा पीत नाही. तिचं म्हणणं एवढंच, की खायला नीट मिळू दे आणि बाथरूम स्वच्छ असू दे. तिची अट सगळ्यात सोपी वाटली होती. प्रत्यक्षात निम्म्या जागा त्या एका अटीवर बाद झाल्या.

तारखेचा घोळ पहिला. समीरने बेधडक ६ सप्टेंबर, शनिवार, असं लिहून टाकलं. त्या दिवशी अनंत चतुर्दशी. म्हणजे ड्राय डे, रस्ते बंद, आणि पुण्यातला माणूस विसर्जनाच्या दिवशी पुणं सोडून मुंबईत बियर प्यायला येईल ही कल्पनाच मुळात समीरला सुचू शकते. मग दिवाळी आटपू दिली आणि नोव्हेंबरमधला एक शनिवार धरला. कोणाला अशी तारीख ठरवायची असेल तर आधी ड्राय डेची यादी बघा. गांधी जयंती, प्रजासत्ताक दिन हे सगळ्यांना पाठ असतात. आषाढी एकादशी आणि निवडणुकीच्या मतदानाआधीचे दिवस लोक विसरतात.

मग भाग ठरवायचा. समीर लोअर परळवर अडून बसला होता. कमला मिल, मथुरादास मिल, फिनिक्स, सगळं एकाच टापूत. ज्या आवारांत १९८२च्या गिरणी संपापर्यंत कापडाचे माग चालत, तिथे आता कॉकटेलं मिळतात. माझे एक काका गिरणीत होते, त्यामुळे मला तिथे गेलं की थोडं चमत्कारिक वाटतं. पण तो माझा प्रश्न, ग्रुपचा नाही.

ऑफिस सुटल्यावर एका संध्याकाळी मी तिकडे चक्कर मारली. साडेसातची वेळ. एका ठिकाणी पोऱ्या टेबलं पुसत होता आणि डीजे अजून केबल जोडत होता. गर्दी कधी होते विचारलं तर म्हणाला, ‘सर, माहोल अकराच्या नंतर.’ दुसरीकडे, वरच्या मजल्यावर, मी नुसतं बाहेर पडायचा दुसरा जिना कुठे आहे ते बघितलं. जिन्यात रिकाम्या बाटल्यांचे क्रेट रचलेले होते. २९ डिसेंबर २०१७च्या रात्री कमला मिलमध्ये गच्चीवरच्या रेस्टॉरंटला लागलेल्या आगीत चौदा माणसं गेली. तेव्हापासून ‘रूफटॉप’ शब्द ऐकला की मी आधी जिना शोधतो. लोक हसतात, हसू देत. ती जागा तिथेच खोडली.

तिसऱ्या ठिकाणी फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न, ‘सर, ग्रुपमध्ये लेडीज किती?’ चार पुरुष, दोन बायका म्हटल्यावर त्याचा आवाज उतरला. जोड्यांना प्रवेश, जास्तीच्या दोन पुरुषांना कव्हर चार्ज, तो पुढे बिलात वळता होईल वगैरे. तेवीस वर्षांचा मुलगा आहे म्हटल्यावर त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र कामाची होती. महाराष्ट्रात बियर आणि वाइनसाठी वय २१ लागतं, पण व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. मुलाचं आधार कार्ड आणा, आणि त्याने बियरच मागवावी. अश्विनीला हे कळवल्यावर तिने लिहिलं, ‘बरं झालं, मावशीला सांगायला सोपं.’

वयाचा विषय निघाला म्हणून मी परमिटचंही बघून घेतलं. १९४९चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून चालू आहे, त्यामुळे कागदोपत्री पिणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना असायला हवा. विलायती दारूसाठी एका दिवसाचा पाच रुपये, वर्षाचा शंभर, तहहयात हजार. निनादकडे तहहयात परवाना निघाला. इतक्या वर्षांच्या मैत्रीत हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. वर म्हणाला, ‘वसूल झाला.’

वांद्र्याकडे माझा जीव होता. पाली नाक्याचा जनता बार परवडतो. टोटोज गराजमध्ये बारच्या वर जुनी बीटल गाडी टांगलेली आहे आणि जुनं रॉक लागतं. हे समीर आणि निनाद दोघांनाही चाललं असतं. पण टोटोज लहान आहे. शनिवारी रात्री तिथे सहा जणांना बसायला जागा मिळणं म्हणजे नशीबच, आणि उभ्याने गप्पा अश्विनी मारणार नाही.

इथे येऊन मी अडलो, आणि मग कागदावर वेळा लिहून काढल्या. मुंबईत बार दीडपर्यंत चालतात. मध्य रेल्वेवर सीएसएमटीहून डोंबिवलीला जाणारी शेवटची गाडी साडेबाराच्या आत सुटते. चर्चगेटहून शेवटची बोरिवली एकच्या सुमाराला. मेट्रो तीन आता कफ परेडपर्यंत आली खरी, पण साडेदहाच्या सुमाराला ती शेवटची गाडी सोडून झोपते, म्हणजे यायला ठीक, परतीला नाही. निनादची गाडी आणायची कल्पना मधुराने जागच्या जागी मोडली, कारण ‘मी चालवेन’ हे तिला दरवेळी म्हणायचं नव्हतं. नाकाबंदीत शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. उरली टॅक्सी. काळी-पिवळीला बारानंतर पंचवीस टक्के जास्त, आणि डोंबिवलीचं नाव काढलं की टॅक्सीवाला काच वर करतो.

म्हणजे आमच्यापैकी निम्म्यांची रात्र पावणेबाराला संपणार होती. ज्या जागेचा माहोल अकरानंतर सुरू होतो, ती जागा कितीही नावाजलेली असली तरी आम्हाला मिळणार होती पाऊण तास. आम्हाला असा भाग हवा होता जो संध्याकाळी सातलाच भरलेला असतो. असा भाग म्हणजे कुलाबा. तिथे पर्यटक दुपारपासून बसलेले असतात, त्यात फोर्टातले ऑफिसवाले येऊन मिसळतात, आणि बार एकमेकांपासून चालत पाच-सात मिनिटांवर. एका ठिकाणी जागा नाही मिळाली तर टॅक्सी शोधावी लागत नाही. हे लक्षात आल्यावर बाकीचं भराभर ठरलं. समीरने दोन दिवस अबोला धरला, तेवढंच.

कुलाब्याची पाहणी मी ऑफिसातल्या एका मैत्रिणीला बरोबर घेऊन केली, कारण लेडीज बाथरूम मी बघू शकत नव्हतो. तिने प्रत्येक ठिकाणी आत जाऊन येऊन नुसती मान हलवायची, हो किंवा नाही. शिवाय मी एक गोष्ट मुद्दाम बघत होतो. टेबलांवर बायकांचे स्वतःचे ग्रुप आहेत का? जिथे चार मुली आपापल्या बियर घेऊन निवांत बसलेल्या दिसतात, तिथे आपल्याबरोबरच्या बायकांनाही कोणी टक लावून बघत नाही. ताजच्या मागचं गोकुळ स्वस्त म्हणून प्रसिद्ध आहे, पण मला ते पास वाटलं ते या कसोटीवर.

तीन बारचा क्रम मी असा लावला. आधी मोंडेगार, गप्पांसाठी. मग गोकुळ, निनादच्या खिशासाठी. शेवटी लिओपोल्ड, आवाजासाठी. आधी उलटा क्रम डोक्यात होता. पण पहिल्या तासात सगळ्यांना बोलायचं असतं आणि शेवटच्या तासात कोणी कोणाचं ऐकत नाही, म्हणून गोंगाट शेवटी टाकला.

ठरल्या शनिवारी साडेसहाला रीगल सिनेमापाशी भेटलो. समीर मेट्रोने येत होता आणि भुयारात त्याचा फोन लागत नव्हता, त्यामुळे त्याने पुन्हा लोअर परळला उडी मारली की काय अशी शंका निनादने घेतली. मोंडेगारच्या दारात थोडं थांबावं लागलं. आत शिरल्यावर भिंतीभर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं, ते टपोरे डोळे, त्या लठ्ठ बायका, आणि कोपऱ्यात ज्यूकबॉक्स. टेबलं इतकी चिकटून की शेजारच्या परदेशी जोडप्याच्या प्लेटमध्ये आपला हात जावा. तरी बोलणं ऐकू येत होतं. अश्विनीने ज्यूकबॉक्सवर गाणी लावायचा ताबा घेतला आणि तिथून उठायलाच तयार होईना. घड्याळ दाखवून उठवलं.

गोकुळमध्ये गप्पांचा सूर बदलला. टेबलावर मसाला पापड, कोळंबी, निनादचा क्वार्टर. तो बिलाचे आकडे वाचून अक्षरशः हळवा झाला होता. त्याला कारणही आहे. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे, आणि बारमधला व्हॅट २०२३च्या नोव्हेंबरपासून पाचाचा दहा टक्के झाला. २०२५मध्ये उत्पादन शुल्कही वाढलं. जुलैत हॉटेलवाल्यांच्या ‘आहार’ संघटनेने एक दिवस बार बंद ठेवले ते त्याच रागाने. मधुराने जेवण इथेच उरकून घेतलं. तिचा हिशेब बरोबर होता, कारण शेवटच्या जागी जेवायला कोणाला शुद्ध राहत नाही.

दहाच्या सुमाराला लिओपोल्ड. १८७१ सालची इराण्यांची जागा. खाली तोबा गर्दी, बियरचे उंच टॉवर, वेटर खांदे तिरके करून वाट काढताहेत. समीरचा चेहरा पहिल्यांदा खुलला. २००८च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा भिंतीत अजून ठेवलेल्या आहेत. अश्विनीचा भाऊ तेव्हा सहा वर्षांचा होता. तो त्या खुणेकडे जरा वेळ बघत राहिला आणि मग आमच्याकडे वळून, तुम्ही तेव्हा कुठे होतात, असं विचारलं. प्रत्येकाने सांगितलं. त्या गोंगाटातही ती पाच-दहा मिनिटं सगळ्यांनी एकमेकांचं नीट ऐकलं, माझ्या क्रमाच्या हिशेबात न बसणारी गोष्ट.

बिलाबद्दल एक. लोअर परळच्या पाहणीत एका ठिकाणी मी एक बियर घेतली होती, तेव्हा बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज न विचारता लागला होता. तो सक्तीने लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्ये तसं सांगितलं आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. मी मॅनेजरला ‘काढा’ म्हटलं, त्याने वाद न घालता काढला. न मागता काढत नाहीत, इतकंच. वेटरला टीप मात्र रोख, हातात द्यावी.

पावणेबाराला मी, निनाद आणि मधुरा उठलो. कुलाब्याहून सीएसएमटीला टॅक्सी करायची वेळ ही आहे, चालत जाऊ म्हणणाऱ्याचं ऐकू नये. अश्विनी भावाला घेऊन दादरला मावशीकडे जाणार होती, तिने आमच्याच टॅक्सीतून उतरून गाडी पकडली. रविवारी संध्याकाळी ५.१०च्या डेक्कन क्वीनने ती दोघं परत. समीर एकटा मागे राहिला. त्याला चर्चगेटहून शेवटच्या बोरिवलीने अंधेरी गाठायची होती, म्हणजे आणखी तासभर त्याच्या हातात होता. तो तासभर डीजे शोधायला गेला आणि, त्याच्या म्हणण्यानुसार, सापडला.

हिशेब मी दुसऱ्या दिवशी केला. दारू आणि जेवण वेगळं धरलं, कारण न पिणाऱ्या माणसाने दुसऱ्यांच्या क्वार्टरची वर्गणी भरणं हा ग्रुप फोडायचा राजमार्ग आहे. मधुराचे पैसे पाच मिनिटांत आले, अश्विनीचे गाडीतून लोणावळ्याच्या आधी. निनादने तीनदा बेरीज तपासली आणि बारा रुपये कमी केले. समीरचे अजून यायचे आहेत.