आईने चॉपस्टिक भातात रोवल्या

मी दुभाषी आहे. चाकणच्या कारखान्यात जपानी साहेब आणि आपले इंजिनिअर यांच्या मधे उभं राहायचं आणि इकडचं बोलणं तिकडे, तिकडचं इकडे करायचं. गेली १४ वर्षं हेच. संध्याकाळी साहेबांना जेवायला न्यायचं असलं तरी मी बरोबर असतेच, कारण 'हे तिखट आहे का' या प्रश्नाचं खरं उत्तर देणारं टेबलावर कुणीतरी लागतं. त्यामुळे पुण्यातली जपानी हॉटेलं मी झाडून सगळी खाल्ली आहेत, पण कंपनीच्या पैशाने. पदरचे पैसे घालून गेले ती आईच्या पंचाहत्तरीला.

आम्ही सीकेपी. आईचा वाढदिवस म्हणजे सोड्याची, सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी, ती तिनेच करायची आणि वर आम्हालाच आग्रह करायचा. या वेळी म्हटलं, बाहेर जाऊ, तू सांगशील तिथे. मला वाटलं, थाळी म्हणेल. तर म्हणाली, "तू रोज त्या जपान्यांबरोबर जातेस ना, तिथे ने. बघू तरी काय असतं."

कोरेगाव पार्कातल्या एका गल्लीत गेलो. बसल्या बसल्या गरम ओला टॉवेल आला. तो फक्त हात पुसायला असतो. मी सांगेपर्यंत आईने तोंड पुसलं, मान पुसली, चष्मा पुसला आणि एशियाडने मुंबईहून आल्यासारखा निःश्वास सोडला. मग चवानमुशी आली. झाकणाच्या छोट्या कपात वाफवलेलं अंड्याचं मऊशार मिश्रण, थरथरणारं. आईचा चेहरा उजळला. "अगं, खरवस!" मोठा चमचा भरून घेतला आणि थांबली. आत मीठ, मशरूम आणि एक कोळंबी. तिला राग आला नाही, फक्त गिळून झाल्यावर म्हणाली, "वेलची विसरलेत."

भात आला तेव्हा फोन वाजला म्हणून तिने दोन्ही चॉपस्टिक भातात उभ्या रोवून ठेवल्या. शेजारच्या टेबलावर दोन जपानी बसले होते. त्यांनी नजर वळवली, सभ्य लोक. मी हळूच म्हटलं, आई, काढ त्या. तिकडे मृताच्या पुढे ठेवलेल्या भातात अशा उभ्या काड्या खोचतात. आईने झटक्यात काढल्या. "म्हणजे पिंडाचा भात की गं. आधी नाही का सांगायचं?" मग मी दुसरा नियमही सांगून टाकला. एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर घरचे लोक हाडं तशी एकमेकांकडे देतात. "अस्थी वेचायला काड्या!" असं म्हणून ती बराच वेळ आपल्या चॉपस्टिककडे बघत राहिली. मग म्हणाली, "वाढदिवसाला काय विषय काढलास."

माझ्या मराठी मित्रमंडळींना हे नियम समजावताना मला दरवेळी पाच मिनिटं लागतात. आईला पाच सेकंदं लागली.

वासाबी नावाच्या हिरव्या झणझणीत चटणीचंही तसंच. तिने बोटाच्या टोकावर घेतलं, चाटलं आणि नाक धरून बसली. डोळ्यांतून पाणी. "मोहरी फेसलीय यांनी. फार चढलीय." ती चुकली नव्हती. बाहेर बहुतेक ठिकाणी वासाबी म्हणून जे मिळतं ते म्हणजे हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग. खरी वासाबी ताजी किसतात, पारंपरिक किसणी शार्कच्या कातडीची असते, आणि किसल्यावर काही मिनिटांत तिचा जोर उतरायला लागतो. नाकात जाणारा पदार्थ मोहरीत आणि वासाबीत एकाच कुळातला. तो आधीपासून तयार नसतो, ठेचल्यावर, ओलावा मिळाल्यावर तयार होतो. आई केळ्याच्या रायत्यासाठी मोहरी पाणी घालून फेसते ती काही उगाच नाही.

साल्मनवर मात्र तिने एका घासात निकाल दिला, "बर्फातला आहे." बरोबर. पुण्यात तो बर्फातूनच येतो, आणि कच्चा खायचा मासा जंत मरावेत म्हणून आधी गोठवतातही. पण गणेश पेठेत ५० वर्षं कल्ले उघडून मासे घेतलेल्या बाईला हे सांगण्यात अर्थ नव्हता. तिने उरलेला माझ्याकडे सरकवला आणि मिसो सूपचा दुसरा वाडगा मागवला.

हे सूप तिला का आवडलं ते मी घरी येताना रिक्षात सांगितलं. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी. कोंबू नावाचं वाळवलेलं समुद्रशेवाळ आणि कात्सुओबुशी यांचं पाणी. कात्सुओबुशी म्हणजे एक मासा. उकडायचा, धुरी द्यायची, बुरशी चढवायची, पुन्हा वाळवायचा, लाकडासारखा कडक होईपर्यंत. मग सुताराच्या रंध्यासारख्या पेटीवर त्याचे पातळ पापुद्रे काढायचे. १९०८ साली इकेदा नावाच्या प्राध्यापकांनी कोंबूच्या पाण्यातली गोड, खारट, आंबट, कडू यांपैकी कुठलीच नसलेली चव वेगळी काढली आणि तिला उमामी म्हटलं. आईने सगळं ऐकून घेतलं. डेक्कनच्या सिग्नलला म्हणाली, "म्हणजे सोडेच की. आपण त्याला नाव नाही दिलं इतकंच."

जपानमध्ये 'सेनमोनतेन' असतात, एकाच पदार्थाचं दुकान. ईलवाला ईलच देणार, तेंपुरावाला तेंपुराच. बेडेकरांकडे मिसळ खाणाऱ्या आणि सुजाताकडे मस्तानी पिणाऱ्या पुणेकराला हे समजवावं लागत नाही. पुण्यातल्या जपानी हॉटेलांना ते परवडत नाही. एकाच मेनूत सुशी, रामेन, शेवटच्या पानावर थाय करी, आणि चीज-मेयोनीजची व्हेज सुशी, जी बघून आमचे साहेब 'ओमोशिरोई' म्हणतात. शब्दशः अर्थ 'मनोरंजक'. खरा अर्थ तुम्ही ओळखाल.

आता सिंगापूर. दादा तिकडे असतो, गेल्या डिसेंबरात आईला घेऊन गेले. दादाला आम्हाला कॅंडलनटमध्ये न्यायचं होतं. २०१६ साली मिशेलिनचा तारा मिळालेलं, तो मिळवणारं पहिलं पेरानाकन रेस्टॉरंट. आई म्हणाली, हॉटेलात जेवायचं की तारे मोजायचे? मग वहिनी तिच्या ओळखीच्या एका छोट्या जागी घेऊन गेली, कातोंगमध्ये. आत शिरताच आईने खाली बघितलं. नक्षीच्या रंगीत फरश्या. "आपल्या वाड्यात होत्या अशा. बिल्डरने फोडल्या."

पेरानाकन हा शब्द मलय 'अनक' वरून, म्हणजे मूल. इथेच जन्मलेले, असा अर्थ. मलाक्का, पेनांग, सिंगापूर इथे स्थिरावलेले चिनी व्यापारी, त्यांनी तिथल्याच बायकांशी लग्नं केली, पुढच्या पिढ्यांतले पुरुष बाबा आणि बायका न्योन्या. घरात देव चिनी, जेवण मलय मसाल्याचं, भाषा दोन्हींची सरमिसळ. मलाक्कातल्या तमिळ व्यापाऱ्यांचेही असेच वंशज आहेत, त्यांना चिट्टी म्हणतात. आईला हे समजवायला मी अलिबागकडच्या शनवार तेल्यांचं, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंचं, उदाहरण दिलं. लाल देवळात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, प्रार्थना, घरात मराठी, जेवणात नारळाचं दूध. "हां, मग बरोबर."

मुख्य पदार्थ आला, आयाम बुआ केलुआक. चिंचेच्या आंबट, काळपट तांबड्या रश्श्यात कोंबडी आणि सोबत अक्रोडाहून मोठ्या, खरखरीत काळ्या बिया. प्रत्येक बीला वरून छोटं भोक पाडलेलं. आत काळाकुट्ट गोळा, तो लांबट चमच्याने कोरून खायचा. वहिनी सहज म्हणाली, "ही बी कच्ची विषारी असते. सायनाइड." दादाचा चमचा हवेत थांबला. आईचा नाही. ती म्हणाली, "अळू नाही खाजत? चिंच घातली की बसतं." इथे चिंचेवर भागत नाही. बिया उकडायच्या, राखेत, केळीच्या पानांत ४० दिवस पुरून ठेवायच्या, मग रोज पाणी बदलत कित्येक दिवस भिजवायच्या, घासायच्या, फोडायच्या, गर काढून वाटायचा, कोळंबी किंवा खिमा मिसळून परत त्याच कवचात भरायचा. खिमा बहुतेक डुकराचा असतो, म्हणून वहिनीने आधीच कोळंबीचा सांगितला होता. चव कशी सांगू? कडू चॉकलेट, जळका खोबरा-कांदा, आणि मागे कुठेतरी पावसातली माती.

आईने नळी चोखायच्या सरावाने तीन बिया रिकाम्या केल्या. बोटं पुसत म्हणाली, "बिरडं सोलणाऱ्या बाईलाच हे जमेल." वाल भिजवून, मोड आणून, कोमट पाण्यात एकेक सोललेले ज्यांनी खाल्लेत, त्यांना यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र माहीत नसेल.

हॉटेलची मालकीणबाई आईच्याच वयाची. आईला एवढं खाताना बघून ती येऊन बसली, आणि इथे माझी नोकरी गेली. ती मलय मिसळलेलं इंग्रजी बोलत होती, आई चक्क मराठी. हाताने वाटल्याची खूण, नाकाने भाजल्याची खूण. मसाल्याच्या वाटणाला ते रेम्पा म्हणतात: छोटे कांदे, हळद, गवती चहाचे दांडे, सुक्या मिरच्या, बेलाचान. बेलाचान म्हणजे आंबवून वाळवलेल्या बारीक कोळंबीची वडी. मालकीणबाईने आतून तुकडा आणून दाखवला, वहिनीने नाकाला रुमाल लावला, आईने हुंगलं आणि म्हणाली, "जवळा!" ते वाटण तेलात कधीपर्यंत परतायचं? बाईने हाताने कढईच्या कडेला काहीतरी पसरल्यासारखं दाखवलं आणि म्हणाली, "पेचा मिन्याक." तेल फुटतं. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तेल सुटेपर्यंत म्हणतेय." मी काहीही भाषांतर केलं नव्हतं.

मग आईने माप विचारलं. वाटण किती, नारळ किती? बाई हसली. "आगाक-आगाक." अंदाजाने. आई इतकी खूश झाली की तिने बाईच्या हातावर टाळी दिली. आम्हा दोघांना जन्मभर तिने हेच उत्तर दिलंय आणि आम्ही जन्मभर त्यावर चिडलोय.

गोडाला ओंदे-ओंदे. चिकट तांदळाच्या पिठीच्या हिरव्या गोळ्या, आत माडाचा गूळ, वर ओलं खोबरं. तोंडात टाकली की गूळ फुटतो. त्या गुळाला मलयमध्ये 'गुला मेलाका', त्यातला 'गुला' आपल्या गुळाचाच चुलतभाऊ, दोघांचं मूळ संस्कृतात. शेजारच्या ताटलीत निळी झाक असलेला भात. तो रंग गोकर्णाच्या फुलांचा. आमच्या कर्वेनगरच्या बाल्कनीत गोकर्णाचा वेल आहे, तो फक्त देवाला लागतो.

परत आल्यावर हुरूप होता, म्हणून इथल्या एका मोठ्या हॉटेलातल्या त्या धर्तीच्या फूड फेस्टिव्हलला गेलो. लाक्सामध्ये, म्हणजे नारळाच्या दुधाच्या तिखट रश्श्यातल्या शेवयांमध्ये, हक्का नूडल्स होत्या. कातोंगला त्या शेवया आखूड कापून देतात, चॉपस्टिकशिवाय नुसत्या चमच्याने खाता याव्यात म्हणून. इथे त्या वाडग्याबाहेर लोंबत होत्या आणि रस्सा पनीरच्या भाजीचा उरलेला असावा असा. वेटरला विचारलं, सुकी कोळंबी आहे का यात? तो अभिमानाने म्हणाला, नाही मॅडम, प्युअर व्हेज. बिल दिलं, गप्प बसलो. आई लिफ्टमध्ये म्हणाली, "तेल सुटलं नव्हतं."

घरी तिने ओंदे-ओंदे करून पाहिले. आंबेमोहोराची मोदकाची पिठी वापरली आणि पाण्यात सोडले. पिठीला तो चिकटपणा नाही, गोळे फुटले आणि पातेल्यात काकवी तयार झाली. दुसऱ्या दिवशी तिने हट्टाने उकड काढली, गोकर्णाच्या पाण्यात, आणि सरळ मोदकच केले. निळे. वरून खोबरं. आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटचे जपानी साहेब त्या रविवारी आमच्याकडे जेवायला होते, त्यांनी मोदकाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, कळ्यासुद्धा मोजल्या. पण खरे ते अडकले खिचडीत. पहिल्या घासाला डोळे मिटले आणि म्हणाले, "दाशी उत्तम आहे. कसली?" मी डब्यातले सोडे दाखवले. त्यांनी एक हातावर घेतला, हुंगला, उलटा-सुलटा केला आणि खिशातून वही काढली. किती वेळ भिजवायचे?

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "अंदाजाने."

जपानीत याला 'मेबुनर्यो' म्हणतात, डोळ्यांचं माप. मी तेच सांगितलं. साहेबांनी मान डोलावली, शब्द नीट लिहून घेतला, खाली रेघ मारली आणि मला अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे साधारण किती मिनिटं?"