आमची वाटचाल : बिनटेबलाच्या मशीनला पेटी

जालन्यातल्या आमच्या सुतारशाळेचं मूळ काम शिलाईच्या पायमशीनचे लाकडी टॉप बदलण्याचं. बिडाचं स्टँड पिढ्यानपिढ्या टिकतं. टॉप मात्र वाळवी खाते, नाहीतर गळक्या माळवदाखाली फुगून त्याचे पापुद्रे सुटतात. पुढे स्टँडला वेगळंच गिऱ्हाईक मिळालं. हॉटेलवाले त्यावर काच टाकून टेबल करतात, कुणी हात धुवायचं बेसिनही बसवतं. स्टँड गेलं की हेड, म्हणजे वरची शिवणारी मशीन, उरतं आणि कोपऱ्यात पोत्यावर जाऊन बसतं. अशा उरलेल्या हेडांसाठी पेट्या करणं, हाच आता आमचा मुख्य धंदा.

हेड सपाट जागेवर ठेवायची वस्तूच नव्हे. बिडाच्या मोठ्या हेडचं बारा-तेरा किलो वजन बेडच्या, म्हणजे हेडच्या खालच्या सपाट पाट्याच्या, काठांवर पेलायचं असतं. खाली फळी किंवा पाट दिला की तेच वजन पोटाखालच्या दांड्यांवर आणि शटलच्या (खालचा धागा नेणाऱ्या) भागावर येतं. दांडा किंचित वाकला तरी टाका सुटतो, आणि माणूस सुया बदलत बसतो.

पहिल्या पेट्या आम्ही अगदी मापात, घट्ट केल्या. ती चूक होती. एकाच रुंद फळीत खाच कापली की मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि बेड धरून ठेवतं. हेड उचलायला गेलं की कडेचा काळा रंग खरवडतो. लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही, रुंदीत आकसतं. म्हणून आता १८ मिमी सागाच्या चार पट्ट्यांची चौकट करतो, सांधे फेविकॉल आणि स्क्रूने. बेडभोवती सगळीकडून २ मिमी मोकळं. चारही कोपऱ्यांत आतून लाकडी ठोकळे, त्यांवर ३ मिमी नमदा. नमद्याऐवजी रबर लावून पाहिलं, पण उन्हाळ्यात ते रंगाला चिकटतं. एमडीएफचं (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचं) नावच काढू नका. तेल आणि ओल दोन्ही पिऊन ते बिस्किटासारखं फुटतं.

पूर्ण आकाराच्या घरगुती हेडचा बेड साधारण साडेचौदा इंच बाय सात. सिंगर ९९ सारखी ‘पाऊण’ मशीन त्याहून लहान. नुसतं नाव सांगून भागत नाही. सिंगरचा नंबर वाय किंवा एफने सुरू होतो म्हणजे ती स्कॉटलंडमधल्या, १९८० साली बंद पडलेल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली असते, एवढंच कळतं. तिथूनही दोन्ही आकार निघत. बेडखाली अडीच इंच मोकळी जागा धरतो आणि हेड ठेवून चाक पूर्ण फेरा फिरवून बघतो. आवाज आला की काहीतरी तळाला घासतंय.

बेडच्या मागच्या काठाला दोन भोकं असतात, त्यात बिजागऱ्यांच्या पिना बसतात. त्यांना आवळणारे दोन स्क्रू बेडच्या खालून असतात, म्हणून दिसत नाहीत आणि विसरले जातात. ते ढिले असताना तेल घालायला हेड मागे पाडलं की पिना सुटतात आणि हेड सरळ फरशीवर. मागे पाडलेल्या हेडला टेकायला पेटीच्या मागच्या बाजूला लाकडी खुंटी हवीच, नाहीतर सगळा भार बिजागऱ्यांवर.

हातमशीन करायची असेल तर आधी चाक बघावं. आऱ्यांचं चाक असेल तर हँडलचं बोट आऱ्यांत अडकतं. भरीव चाकावर ते चालत नाही. हँडल फिरवताना मशीन उजवीकडे झुकते, म्हणून तळ निदान एकोणीस इंच लांब ठेवतो.

झाकणाने आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. वर मूठ दिसली की माणूस तिलाच धरून उचलणार. दोन कड्यांवर सोळा-सतरा किलो तोलत नाही. एक कडी सुटली की पेटी हातातून जाते. आता झाकणाला मूठच नाही, धरायला तळाच्या दोन्ही बाजूंना खोबणी.

ठेवणीच्या बाबतीत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे करडईचं तेल. ‘घरचं, शुद्ध’ म्हणून घातलेलं हे तेल हवेत वाळतं आणि लाखेसारखं घट्ट होतं. चाक हलत नाही तेव्हा बहुधा हेच असतं. रॉकेलचे थेंब सांध्यांत सोडून रात्रभर ठेवावं, पुसून मग मशीनचं पांढरं तेल. जोर लावून चाक फिरवू नये. सोनेरी नक्षीवर रॉकेल, थिनर, स्पिरिट काहीच नको. ओलसर फडक्यानेही जपून. मशीनच्याच तेलाचं बोट फिरवलं की पुरतं.

ठेवण्याआधी सुई आणि बॉबिन काढावी, कापड सरकवणाऱ्या दातांतली लव ब्रशने झाडावी, धाग्याच्या टेन्शनची चकती ढिली करावी, दाबपायाखाली सुती फडकं ठेवून पाय खाली सोडावा. वर प्लॅस्टिक गुंडाळू नये. श्रावण-भादव्यात आत घाम धरतो आणि चकाकत्या भागांवर गंज चढतो. जुन्या साडीचं आवरण चांगलं. माळवदाची पांढरी माती फार बारीक गळते आणि तेलात मिसळून पॉलिशपेपरचं काम करते, तेव्हा झाकण हवंच. खाली अर्ध्या इंचाचे पाय, म्हणजे हवाही खेळते आणि वाळवीची माती वेळेत दिसते. दोन महिन्यांनी चाक आपल्याकडे दहा-बारा फेरे फिरवावं.

ऑर्डर देताना हेड मागे पाडू नका, दोघांनी उचलून कागदावर नुसतं टेकवा, एकाने वजन पेलून धरून दुसऱ्याने बेडची कड पेन्सिलने काढा. मागच्या दोन भोकांचे मध्य, बेडच्या काठाखाली सगळ्यात जास्त लोंबणाऱ्या दांड्याचं माप आणि चाकाचा बाजूने काढलेला फोटो पाठवा. लांब होडीसारखं शटल असेल तर तेही सांगा. त्याच्या लांब बॉबिनींसाठी पेटीच्या उजव्या कप्प्यात खाच करून देतो.