दहातले दोन ब्रेक

मे महिन्यात रोडचेक असतं. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत सलग ७२ तास रस्त्यावर ट्रक थांबवून तपासतात. पूर्ण तपासणी ३७ टप्प्यांची, ड्रायव्हरच्या लायसन्सपासून थेट ट्रेलरखाली शिरून ब्रेक मोजण्यापर्यंत. आमच्या कंपनीच्या सेफ्टीचं काम माझ्याकडे आहे, म्हणून ही तयारीही माझीच.

तयारी म्हणजे फाइल नीट लावणं, असं ऑफिसात बसणाऱ्यांना वाटतं. पण जास्तीत जास्त ११ तास ड्रायव्हिंग, तेही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या हद्दीत, हे ड्रायव्हरांना माझ्यापेक्षा चांगलं पाठ असतं. खरं काम चाकांच्या मागे असतं. चाकांना ठोकळे लावायचे, ब्रेक सोडायचे, इंजिन बंद, ब्रेकच्या टाकीतल्या हवेचा दाब ९० ते १०० पीएसआय. मग खाली सरपटत जाऊन, पुशरॉड, म्हणजे ब्रेक ढकलणारा दांडा, हवेच्या डब्यातून, म्हणजे चेंबरमधून, बाहेर येतो तिथे खडूची खूण करायची आणि ओरडायचं, "दाबा!" केबिनमधला माणूस पॅडल पूर्ण दाबून धरतो. खूण किती सरकली ते मोजायचं. टाइप ३० या मापाच्या साध्या चेंबरला मर्यादा २ इंच, लाँग स्ट्रोकला अडीच. धूळ बसली की दोन्ही सारखेच दिसतात. हवेची नळी जिथे जोडतात ते तोंड लाँग स्ट्रोकला चौकोनी असतं, साध्याला गोल.

ज्या ट्रकची ही गोष्ट, त्याचे ड्रायव्हर पंजाबी, साठीच्या जवळपासचे. मी त्यांना पाजी म्हणते, ते मला बेटा. त्यांनी रोजच्या अहवालात दोनदा लिहिलं होतं, उतारावर ब्रेक उशिरा धरतात. दोन्ही वेळा वर्कशॉपने ब्रेकची ढिलाई काढणारा एक स्लॅक अ‍ॅडजस्टर पान्याने आवळला आणि "दुरुस्त" लिहून सही केली. तो ऑटोमॅटिक अ‍ॅडजस्टर होता. तो स्वतःहून आवळला जात नाही म्हणजे कुठेतरी बिघाड आहे. पान्याने आवळलं की माप तेवढं दुरुस्त होतं, बिघाड आत तसाच राहतो. हे मी वर्कशॉपला किती वेळा सांगितलंय! नवा पार्ट लावायला गाडी अर्धा दिवस उभी ठेवावी लागते, आणि ती कुणाला उभी ठेवायची नसते.

रोडचेकच्या आदल्या संध्याकाळी मी मोजलं. तोच ब्रेक, साध्या चेंबरचा, सव्वादोन इंच. पार्ट सकाळी येणार होता, माल रात्री निघणार होता. गाड्या रवाना करणारा डिस्पॅचर म्हणाला, "पाच अ‍ॅक्सल, दहा ब्रेक. इन्स्पेक्टरला गाडी अडवायला वीस टक्के खराब लागतात. हा एकच आहे." त्याचं गणित बरोबर होतं. खराब ब्रेक सर्वांत पुढच्या अ‍ॅक्सलचा नसेल तर त्या एकाची नोंद होते, पण गाडी सुटते. शेजारच्या अ‍ॅक्सलचा एक ब्रेकही सव्वादोन इंच भरला, पण वर्कशॉपच्या कागदावर त्या चेंबरपुढे लाँग स्ट्रोक लिहिलं होतं, म्हणून मी पुढे सरकले. पहिला ब्रेक पुन्हा पान्याने आवळला गेला. मी समोर उभी होते. पाजींनी विचारलं, "बेटा, जाऊ?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगर उतरल्यावरच्या वजनकाट्यावर त्यांना बाजूला घेतलं. पहिला ब्रेक पुन्हा मर्यादेबाहेर गेला होता. दुसऱ्या चेंबरवरची धूळ इन्स्पेक्टरने फडक्याने पुसली. तोंड गोल निघालं. दहातले दोन. गाडी जागेवर थांबली.

दुरुस्तीवाला तिथे पोचायला पाच तास लागले. गाडी उभी असली तरी १४ तासांचं घड्याळ चालूच राहतं. दुरुस्ती झाली तेव्हा पाजींचे तास संपत आले होते. १० तासांची विश्रांती तिथेच घ्यावी लागली आणि माल दुसऱ्या दिवशी पोचला. मालक चिडले ते उशिरावर. ज्या उतारावरून तो ट्रक खाली आला, त्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. मला मात्र रात्री तो उतारच दिसतो.

परत आल्यावर पाजी माझ्यावर आवाज चढवून बोलले नाहीत. तपासणीचा अहवाल टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मी लिहून दिलं होतं. हे यात कुठे येईल का?" तसा रकाना त्या अहवालात नाही. नवी नोकरी देणाऱ्या कंपनीला ड्रायव्हरच्या तीन वर्षांतल्या तपासण्या पाहता येतात, आणि ही नोंद तिथे त्यांच्या नावावर दिसणार. नोंदीला आव्हान देता येतं, पण नोंद खरी होती. मग आव्हान कशाला द्यायचं?

तो अहवाल १५ दिवसांत सही करून परत पाठवायचा होता. दोष दूर केले, अशी कंपनीच्या वतीने सही मीच केली. सोबत पाजींच्या दोन्ही जुन्या अहवालांच्या प्रती जोडल्या, कुणी मागितल्या नव्हत्या तरी. त्या कुणी वाचल्या का, ते अजून कळलेलं नाही.