ऱ्होड्सचं जुनं गाव आणि आमचे वाद

आज ऱ्होड्स, ग्रीसमधलं बेट. जहाजावरचे बरेच लोक सकाळीच लिंडॉसच्या बसमधे बसून गेले, आम्ही नाही गेलो, कारण लिंडॉसचा चढ आणि आईंचे (सासूबाईंचे) गुडघे हे जमणारं नव्हतं, आणि इथे जहाज तटबंदीच्या एवढं जवळ लागतं की उतरून थोडं चाललं की आपण जुन्या गावाच्या दरवाजातून आत, मग बसला पैसे कशाला घालायचे. ऑल अबोर्ड, म्हणजे जहाजावर परतायची वेळ, साडेपाचला. दिवस हातात होता.

सॉक्रेटिस स्ट्रीटवर फ्रिज मॅग्नेट, चामड्याच्या चपला, ऑलिव्हचा साबण. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वरच्या अंगाला गेलं की गर्दी जरा पातळ होते आणि नाइट्सची गल्ली लागते. सेंट जॉनचे हे लढवय्ये धर्मबंधू 1309 च्या सुमारास इथे आले आणि दोनशेच्यावर वर्षं राहिले. फ्रान्स, इटली, स्पेन अशी ज्याच्या त्याच्या मुलखाप्रमाणे गल्लीत वेगळी घरं, दारांवर दगडात कोरलेली चिन्हं, मधे सरळ चढत जाणारा गोट्यांचा रस्ता. वायर नाही, बोर्ड नाही, काही नाही. हा (नवरा) तर खूशच झाला, दर सुट्टीत गडांवर जाणारा माणूस, त्याने लगेच तटाची जाडी, खंदक, दरवाजे किती तिरके वळवलेत हे सगळं आईंना समजावायला घेतलं. खंदकात कधी पाणी नव्हतं, तो कोरडाच, आता त्यात आतून चालता येतं. 1480 ला तुर्कांनी वेढा घातला तेव्हा गाव टिकलं, 1522 ला सुलतान सुलेमान स्वतः आला आणि सहा महिन्यांनी नाइट्सनी गाव सोडलं. दगडी तोफगोळ्यांचे ढीग अजून ठिकठिकाणी पडलेत, पोरं त्यांवर चढून फोटो काढतात.

मग ग्रँड मास्टरचा, म्हणजे नाइट्सच्या प्रमुखाचा, राजवाडा. दोन भरभक्कम गोल बुरूज, आत प्रचंड जिने, खाली सुंदर मोझॅक. आणि तिथे कळतं की हे बरंचसं 1937 ते 1940 मधलं बांधकाम आहे! मूळ इमारत 1856 मधे जवळ साठवलेल्या तोफांच्या दारूच्या स्फोटात उडाली, 1912 पासून बेट इटलीच्या ताब्यात होतं, त्यांनी ती पुन्हा उभी केली, राजासाठी, मुसोलिनीसाठी. जमिनीवरचे मोझॅकसुद्धा इथले नाहीत, शेजारच्या कोस बेटावरून आणून बसवलेत. नाइट्सच्या गल्लीतसुद्धा तुर्की काळात घरांना लाकडी सज्जे जोडलेले होते, ते इटालियनांनी काढून टाकले, म्हणून ती आज एवढी 'मध्ययुगीन' दिसते.

इथून आमचं जुंपलं. ह्याचं म्हणणं, केलं ते उत्तम केलं, नाहीतर आज नुसता ढिगारा बघायला कोण आलं असतं, आपल्याकडे पण असं पुन्हा बांधायला हवं, 2025 ला आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले ते मिरवायला काय. (एक तमिळनाडूतला जिंजी, बाकी सगळे महाराष्ट्रातले, हे तो दरवेळी सांगतो.) माझं म्हणणं, बांधा की, पण कुठला दगड जुना आणि कुठला नवा ते दिसू दे, आणि मधली चारशे वर्षं खरवडून काढू नका. चारशे वर्षं तुर्क होते इथे, त्यांची मशीद, हमाम उभे आहेत, ग्रीक लोकांना तर तेव्हा तटाच्या आत राहायला बंदी होती. हे सगळं मिळून गाव झालंय ना. आई म्हणाल्या, तुम्ही भांडा, मी बसते.

त्या बसल्या ते थेट खाली ज्यू वस्तीच्या चौकात, समुद्रघोड्यांचं कारंजं आहे तिथे, झाडाच्या सावलीत. शेजारी काळ्या ग्रॅनाइटचा स्तंभ, त्यावर बऱ्याच भाषांत लेख. जुलै 1944 मधे जर्मनांनी इथल्या सोळाशेहून जास्त ज्यूंना गोळा करून जहाजात कोंबलं आणि पुढे ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवलं. त्यातले जिवंत राहिले दीडशेच्या आसपास. तुर्की वकिलातीतल्या सेलाहत्तिन उल्क्युमेननी भांडून चाळीसच्या वर माणसं सोडवली, ती वाचली. जवळच काहाल शालोम सिनेगॉग, 1577 चं, आजही वापरात असलेल्यांत ग्रीसमधलं सर्वांत जुनं, खाली काळ्यापांढऱ्या गोट्यांची नक्षी. इथे एक दगडही खोटा नाही, पण त्या गल्ल्यांत ज्यांची घरं होती ती माणसंच नाहीत.

आई आत गेल्या, बराच वेळ बाकावर बसल्या. त्या अलिबागच्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे इस्रायल आळीत असंच सिनेगॉग आहे. माझ्या वर्गातल्या कितीजणी एकेक करून इस्रायलला गेल्या, पण त्या आपल्या पायाने गेल्या हो, पत्रं यायची, मराठीत." मग जरा थांबून, "घरं आमच्याकडे पण बंद आहेत, पण त्याला कुलपं त्यांनी स्वतः लावलीत." मी आणि हा दोघं गप्प. राजवाड्याच्या वादात मला जे धड मांडता येत नव्हतं ते त्या बोलून गेल्या असं वाटलं मला, ह्याला नाही वाटलं, तो म्हणे दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

जेवण मस्त झालं. पिटारुदिया म्हणून इथला पदार्थ आहे, चणे, टोमॅटो, कांदा, पुदिना घालून तळलेले वडे, आमची चण्याची भजीच म्हणा, आईंनी अजून एक प्लेट मागवली. म्युझियम (नाइट्सच्या जुन्या हॉस्पिटलमधेच आहे) धावत बघितलं, ती केस सोडून गुडघ्यावर बसलेली अफ्रोडायटी देवीची छोटी मूर्ती तेवढी नीट बघितली. कोलोससचं, म्हणजे इथल्या त्या प्रचंड जुन्या पुतळ्याचं, मात्र काहीच उरलेलं नाही, इ.स.पू. 226 च्या भूकंपात पडला, तरी मॅग्नेटवर तो बंदराच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा आहे, तसा तो कधीच उभा नव्हता. ह्याने तोच मॅग्नेट घेतला. मी बोलले, "हेही पुन्हा बांधायचं का?" तर म्हणे, बांधलं तर मी तिकीट काढून येईन.

उद्या सॅन्टोरिनी. वर जायला केबल कारला लांब रांग असते म्हणतात, आईंसाठी पाण्याच्या बाटल्या आणि टोपी आत्ताच काढून ठेवलीय.