तात्या माझ्यावर दात वाजवतो

बुधवार, रात्री

आज तात्याने आईंना शीळ घातली. त्यांचे हात रिकामे होते. दुपारची झोप काढून त्या चपला घासत मोरीकडे निघाल्या होत्या, तर हा पिंजऱ्याच्या जाळीला पुढचे दोन पाय टेकवून उभा राहिला आणि खालच्या मजल्यावर ऐकू जाईल अशी ‘व्हीऽऽक, व्हीऽऽक’ सुरू. मागून मी आले. माझ्या हातात निवडून धुतलेली कोथिंबीर होती. शीळ बंद, स्वारी खोक्यामागे.

एवढंच. लिहिल्यावर तर आणखीनच क्षुल्लक दिसतंय. पण संध्याकाळी कुकर लावताना, दोरीवरचे कपडे काढताना मी मनातल्या मनात एका गिनीपिगशी भांडत होते. सकाळी तुला कोण भरवतं? रात्री कोण भरवतं? त्यांनी काय केलंय रे तुझ्यासाठी?

ही भाषा मी आधी कुठे ऐकली आहे ते मला माहीत आहे. ते आज नको.

मागच्या महिन्यापर्यंत ती शीळ माझी होती. फ्रिजचं दार, पिशवीची सळसळ, लॅचमध्ये फिरणारी किल्ली, या आवाजांवर तो ओरडायचा, आणि दारं उघडणारी मीच असल्यामुळे ते ओरडणं मी माझ्या नावावर लावून घेतलं होतं. ओवी म्हणायची, ‘आई, तो तुला नाही, काकडीला हाक मारतोय.’ असेल. पण काकडी आणायचं कोण?

मग हनुवटी ओली दिसायला लागली. आधी वाटलं, पाण्याची बाटली गळते. काकडीची फोड तो उत्साहाने उचलायचा, तोंडात घोळवायचा, आणि ती तशीच ओली होऊन कडेने बाहेर पडायची. पुन्हा उचलायचा. पुन्हा बाहेर. भूक कमी झाली असती तर मला समजलं असतं, पण भूक होती तशीच होती. केकसाठी घेतलेल्या काट्यावर आता स्टीलच्या डब्यात तात्या बसतो. त्या काट्यावर 980 ग्रॅमचा तात्या 790 वर आला. पहिल्या डॉक्टरांनी ओठ वर करून समोरचे दात बघितले, ‘छान आहेत की’ म्हणाले आणि वय विचारलं. साडेसहा. मग ते जे काही हसले ते मला आवडलं नाही. गिनीपिग पाच ते आठ वर्षं जगतात हे मलाही ठाऊक आहे. पण म्हातारपणी कोणी घास उचलून खाली टाकत नाही. आमच्याकडे तरी टाकत नाहीत, उलट दुसऱ्याच्या ताटातला उचलतात.

दुसऱ्या डॉक्टर गावाच्या पार त्या टोकाला. कुत्र्यामांजरांपलीकडचं बघणारं आपल्याकडे फार कमी कोणी आहे, त्यामुळे तिथल्या बाकड्यावर माझ्या एका बाजूला पोपट होता आणि दुसऱ्या बाजूला कासव. त्यांनी समोरच्या दातांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खरी गंमत आत असते म्हणाल्या. याच्या तोंडात वीस दात. समोर चार, बाकीचे सोळा गालांच्या आड, आणि झाडून सगळे जन्मभर वाढत राहणारे. ते झिजतात फक्त गवताने, तासन्‌तास आडवं दळत राहिल्याने. कडक काहीतरी कुरतडायला दिलं की दाढा झिजतात हा लोकांचा गैरसमज, म्हणाल्या. तोंड इतकं अरुंद, की जागेपणी आतलं धड दिसतच नाही. गॅस देऊन गुंगीत ठेवायचं, गाल बाजूला करायचे, मग बघायचं. त्याआधी डोक्याचा एक्स-रे.

खालच्या दाढा मुळातच जिभेकडे कललेल्या असतात. झिजल्या नाहीत की दोन्हीकडून वाढत वाढत त्या जिभेवर येतात आणि मध्ये पूल बांधला जातो. तात्याची जीभ त्या पुलाखाली अडकली होती. घास मागे ढकलायला जीभच मोकळी नव्हती, म्हणून ती सगळी लाळ. शिवाय वरच्या दाढांची टोकं बाहेर, गालाच्या दिशेने. डॉक्टर पेनने दाखवत होत्या आणि माझी जीभ आपोआप माझ्याच दाढांवरून फिरत होती.

त्याला उपाशी आणू नका, असं निक्षून सांगितलं होतं. आपल्याला भूल द्यायची तर आधी उपाशी ठेवतात, आणि याला मात्र डबा द्यायचा! यांना उलटी होत नाही, आणि आतडं थांबलं तर भुलीपेक्षा तेच जिवावर बेततं. तर मी कोथिंबिरीचा आणि दुर्वांचा डबा भरून दिला. शाळेचा डबा भरायची सवय अजून हातात आहे, हे त्या दिवशी कळलं. असो.

दुर्वांचं एक वेगळंच. परदेशातून येणारं ते टिमथी गवत महाग, आणि लांब कडक काड्या त्याला आता झेपत नाहीत, कात्रीने बोटाच्या पेराएवढ्या कापून द्याव्या लागतात. कोवळ्या दुर्वा मात्र तो अजून ओढून घेतो. म्हणून मी मंडईतल्या फुलवाल्या मावशींकडून रोज जुड्या घेते आणि घरी आणून तीन पाण्यांतून काढते. परवा त्यांनी विचारलं, ‘ताई, घरी रोजची अथर्वशीर्षाची आवर्तनं चाललीत का?’ मी म्हटलं, हो. काय सांगणार? नितीनचं म्हणणं, दक्षिण अमेरिकेत याला भाजून खातात आणि आपण त्याला डेंटिस्ट लावलाय. बिल बघितल्यापासून तो हे जरा जास्तच वेळा म्हणतो.

दाढा घासून आणल्या की तात्या पूर्ववत खायला लागेल, असं मी धरून चालले होते. तसं होत नाही. तोंड दुखतं, जबड्याला सवय मोडलेली असते. तोवर भरवायचं. गवताच्या पिठाची कोमट पाण्यात पेज करायची, ढोबळी मिरची वाटून त्यात घालायची, कारण आपल्यासारखंच याचंही शरीर ‘क’ जीवनसत्त्व तयार करत नाही, आणि ते कमी पडलं की दात धरून ठेवणारे धागेच सैल पडतात. मग सिरिंज. तिचं टोक थोडं कापून घ्यावं लागतं, नाहीतर पेज अडकते आणि जोर लावला की भसकन माझ्या चष्म्यावर. तात्याला दुपट्यात बाळ गुंडाळतात तसं जुन्या टॉवेलात गुंडाळायचं, समोरचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते तिथून, कडेने, सिरिंज आत सरकवायची. थोडं दाबायचं. थांबायचं. तो चघळून गिळेपर्यंत थांबायचं. घाई केली तर श्वासनलिकेत जातं. पहाटे एकदा, ऑफिसला जायच्या आधी, आल्यावर, जेवणं झाल्यावर, झोपायच्या आधी.

आणि तो माझ्याकडे बघतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे एका वेळी एकच डोळा माझ्या वाट्याला येतो. त्या एका डोळ्यात जेवढं मावेल तेवढं सगळं असतं.

दात वाजवणं हे त्यांच्यात रागाचं लक्षण. कटकटकट असा बारीक आवाज. इतक्या वर्षांत तात्याने ते फक्त व्हॅक्यूम क्लीनरवर वाजवले होते. घासून आणलेले नवे दात त्याने सगळ्यात पहिल्यांदा वाजवले ते माझ्यावर. डॉक्टर म्हणाल्या होत्या, शिकार होणारा प्राणी आपलं दुखणं दाखवत नाही, लपवतो. बरं, मग राग का नाही लपवत? की तो दाखवायला परवानगी आहे?

आईंचं काय, तर त्या दुपारी त्याच्यापाशी पाट घेऊन बसतात आणि दुधात कुस्करलेली पोळी खातात. त्यांची कवळी वाटीत. बोलतात त्याच्याशी. कवळी नसताना त्यांचं बोलणं मलाही नीट कळत नाही, पण तात्या कान हलवत बसतो. भिजवून मऊ केलेले दाणे त्या हातावर ठेवतात, घेतले तर घेतले, नाही तर नाही. नाही घेतले तर त्यांना काहीच वाटत नाही. वजन रविवारी मी करते. ते उतरलं तर रात्रभर मी जागी राहते. त्यांना तो काटा कसा चालू करायचा हेही माहीत नाही. सोपं असतं तसं. हातावर दाणे ठेवून बसणं कोणालाही जमेल. मलाही जमलं असतं, जर बाकीचं कोणी केलं असतं तर.

हे वाक्य मी तात्याबद्दलच लिहिलं, पण वन्सं डोळ्यांसमोर आल्या. दोन महिन्यांतून एकदा यायचं, चिवडा आणायचा, आईंचे पाय चेपायचे, ‘किती गं वाळलीस’ म्हणायचं. बीपीच्या गोळ्या, मीठ कमी, लोणचं बंद, हे सगळं करणारी मी. त्या गेल्या की दोन दिवस आईंच्या तोंडी ‘माझी लेक’, आणि मी वरणात मीठ किती घालते याची तक्रार नितीनच्या कानात.

तर आज जेवणानंतर, तात्याला भरवून झाल्यावर, टॉवेलवरची हिरवी पेज धुताना, मी आईंना म्हटलंच. म्हणजे जरा तिरकसच म्हटलं. ‘तुम्हाला बघून शीळ घालतो, मला बघून लपतो.’

त्या कवळी लावत होत्या. नीट बसवली आणि म्हणाल्या, ‘लपणारच. तुझी चाहूल लागली की मी नाही का लोणच्याची बरणी मागे सरकवत?’

मला काय बोलावं सुचेना. बरणी कुठल्या कपाटात आहे ते मला गेलं वर्षभर माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही. किंवा आहे. आता तेही सांगता येत नाही.

‘मग उद्यापासून तुम्ही भरवा,’ मी म्हटलं. ‘मी शिकवते. काही अवघड नाही.’

‘छे!’ त्या म्हणाल्या. ‘मग तो मलाही शीळ घालायचा नाही.’

मला इतकं हसू आलं की सिरिंज हातातून सिंकमध्ये पडली. एक्याऐंशीव्या वर्षी इतका स्वच्छ हिशोब! मी संध्याकाळभर जे मनात दळत होते ते या बाईला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि ठाऊक असून त्यांनी आपली बाजू निवडली होती. रागवायला हवं होतं बहुतेक. राग आला नाही. थोडी असूया वाटली, पण ती आता वेगळी, हुशार माणसाबद्दल वाटते तसली.

मग मी विचार केला, तात्याचंही बरोबरच आहे. सिरिंज, टॉवेल, कडू थेंब, पायऱ्या उतरून गाडी, पोपट, गॅस आणि मी, हे त्याच्या दृष्टीने एकच प्रकरण आहे. यातली फक्त दुखणं कमी करायची ती गोड बाटली त्याला आवडते, ती दाखवली की माझ्या हातातूनही चाटतो, लबाड. शीळ नाही, पण चाटतो.

रविवारी 845 भरला. डॉक्टर म्हणाल्या, दाढा पुन्हा वाढणारच, काही आठवड्यांनी पुन्हा घासाव्या लागतील, आणि मग पुन्हा. मुळंही खालच्या बाजूला लांबतात म्हणे या वयात. त्यापुढे त्या जे बोलल्या ते ऐकलंय मी. ओवीला सांगितलेलं नाही. ती फोनवर पहिलं विचारते, ‘तात्याने शीळ घातली का?’ आज म्हटलं, हो, घातली. कोणाला, ते विचारलं नाही तिने.

शनिवारी वन्सं येणार आहेत. बाकरवडी आणणार. आईंना चावत नाही हे माहीत असून दर खेपेला आणतात, आणि आई दर खेपेला डबा मांडीवर घेऊन कौतुकाने बसतात. त्या गेल्या की डबा गुपचूप माझ्याकडे सरकवतात. या वेळी नितीनलाही त्यातली एक मिळणार नाहीये.